चवीपुरतं जेवण

मोठीआईचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं एकच होतं, पण ते रोजचं होतं. संध्याकाळी कामावरून येताना सून पोरीला बालकेंद्रातून घेऊन यायची आणि वर घरात न जाता दुकानाच्या पायरीवरच बसून तिला जेवायला घालायची. पायरीवर! भर रस्त्यात! वर स्वयंपाकघर आहे, टेबल आहे, खुर्च्या आहेत, त्यातली एक तर सुताराच्या मागे लागून पोरीच्या मापाची करून घेतलेली. पण नाही. सून पिशवीतून डबा काढणार, पोर त्याच्यावर झडप घालणार, आणि जाणारे-येणारे थांबून बघणार. समोरची शिंपीण तर मशीन बंद करून बघायची आणि म्हणायची, "अगं बाई, किती दिवसांची भूक गं ही!"

"वर नेऊन घाल की," मोठीआई म्हणायची.

"जिना चढायचाही धीर नाही हो तिला," सून म्हणायची. हळू म्हणायची, मान खाली घालून म्हणायची, आणि ह्या हळू बोलण्याचाच मोठीआईला जास्त राग यायचा. ओरडणाऱ्या माणसावर ओरडता येतं.

मोठीआईचं बटणं, दोरे आणि चेनचं दुकान होतं. शाळा तिला चार इयत्तांपुरतीच मिळाली होती, पण अख्ख्या रस्त्यावर तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. "अशाच रंगाचं बटण द्या, साधारण निळसर होतं," असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "शर्ट आणा. आठवण घेऊन दुकानात येऊ नका." माणसं शर्ट आणायची.

दुकानात सुया, कात्र्या, टाचण्या. तिथे चार वर्षांची पोर ठेवायची कशी? म्हणून झिपरी दिवसभर केंद्रात जायची. झिपरी म्हणजे नात. तिचे केस कुठल्याही फणीला दाद द्यायचे नाहीत म्हणून हे नाव. झिपरीचा बाप कामासाठी दूरच्या शहरात होता, आणि सून हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत होती. सगळं कसं नीट बसलेलं होतं. त्यातून केंद्रातलं दुपारचं जेवण पुरवणारा माणूस कोण, तर खुद्द मोठीआईचा जावई! शहरातल्या कितीतरी केंद्रांना त्याचीच गाडी अन्न पोहोचवायची. "आमचे बापू किती पोरांच्या पोटाला घालतात, मोजायला बसलात तर दिवस मावळेल," हे मोठीआईने बटणाच्या प्रत्येक पुडीबरोबर गिऱ्हाइकाला फुकट दिलेलं होतं.

आणि अशा घरची पोर पायरीवर बसून उपाश्यासारखी खाते, म्हणजे जावयाच्या तोंडाला काळं.

सुनेने एकदा, अगदी एकदाच, सांगून बघितलं होतं. "केंद्रातलं जेवण पोरीला पुरत नाही, आई."

"पुरत नाही? माझ्या जावयाचं अन्न खाऊन माझी नात उपाशी राहते म्हणतेस? मग भूक तिला लागलेली नाही, तुला लागलीय. भांडणाची. नणंदेचं बरं चाललेलं बघवत नाही ना?"

सून गप्प बसली ती बसलीच. घरून डबा द्यावा तर केंद्रात बाहेरचं अन्न चालत नव्हतं. एकाच्या डब्यात लोणी आणि दुसऱ्याच्या डब्यात कोरडा पाव असा भेदभाव नको, म्हणून सगळ्यांना सारखं. नियम चांगलाच होता. केंद्रातले सगळेच नियम चांगले होते.

मग एका सोमवारी, जेवताना, सुनेने तोंड उघडलं. "शनिवारी मी काम सोडतेय."

मोठीआईचा घास हातातच राहिला. "का? कुणी काही बोललं?"

"दुपारी तासभर सुट्टी मागितली होती. म्हटलं केंद्रातून हिला बाहेर काढून खायला घालीन आणि परत येईन. मुकादम नाही म्हणाला. चादर इस्त्रीच्या रोलरात घालायला दोघी लागतात, एक ह्या टोकाला, एक त्या. मी गेले की दुसरीचे हात रिकामे आणि मशीन बंद. दिवसभर राहा नाहीतर जा, म्हणाला. मी म्हटलं, जाते."

मोठीआईला लाँड्रीची ती नोकरी आपल्या पोटच्या पोरीइतकी प्रिय होती. तिने स्वतः मुकादमाच्या आईला गाठून, तिच्या झंपरांना वर्षभर बटणं लावून देऊन, ती मिळवून दिली होती. बाईने बाहेर पडावं, आपलं कमवावं, कुणापुढे हात पसरू नये, हे ती सगळ्या जगाला सांगत आली होती. आणि आता घरची सून घरी बसणार, तीही कशापायी? तर जावयाच्या डाळभातापायी!

"थांब," ती म्हणाली. "मीच जाऊन बघते काय ते. आणि जेवण पुरेसं निघालं, तर तू ह्या घरात त्या विषयावर पुन्हा अक्षर काढायचं नाहीस. आणि काम सोडायचं नाहीस."

"बरं," सून म्हणाली. हळूच.

बघण्याची सोय केंद्रात होतीच. रोज कुठल्या ना कुठल्या पोराच्या घरचं एक माणूस येई, मुलांच्या आधी जेवणाची चव बघे आणि कसं आहे ते सांगे. हाही नियम चांगलाच होता. मोठीआईने दुसऱ्या दिवशीची पाळी मागून घेतली, ठेवणीतली साडी नेसली आणि दुकानाला कुलूप लावून निघाली.

केंद्र एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. लांबलचक हॉल, एका भिंतीला खिडक्या, दुसरीला पोरांनी काढलेले सूर्य. बुटके बाक रांगेने मांडलेले, आणि पोरं उंचीप्रमाणे बसलेली. सगळ्यात ठेंगणी पुढे, उंच मागे, म्हणजे कुणामुळे कुणाचं दिसायचं राहायला नको. झिपरी शेवटच्या रांगेत होती. मोठीआईला ते बघून बरंच वाटलं. उंची आपल्याकडून आलीय.

दाराशी एक फळा होता: 'आजचे जेवण उत्तम व पुरेसे आहे.' पूर्वी हे रोज खडूने लिहीत. पण आजवर कुणी वेगळं काही सांगितलंच नव्हतं, म्हणून रोजचा खडू वाचावा ह्या हिशेबाने ते तैलरंगात लिहून घेतलेलं होतं.

"या, या!" केंद्राच्या प्रमुखबाई लगबगीने पुढे आल्या. "साहेबांच्या सासूबाई म्हणजे आमच्या घरच्याच की! मावशी, खुर्ची आणा. ती नको हो, गादीची आणा."

मावशी म्हणजे तिथली मदतनीस. तिने गादीची खुर्ची आणली, टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं आणि नुकत्याच आलेल्या पातेल्यांची झाकणं उघडली. वाफ निघाली. भात मोकळा, डाळ दाट, बटाट्याच्या फोडींवर तेलाची चकाकी, गाजरं, उकडलेली अंडी. मोठीआईचा ऊर भरून आला.

"नुसती चव बघायची ना? थोडंच वाढा," ती म्हणाली.

"थोडंच वाढतेय," मावशी म्हणाली आणि ताट भरलं.

"बटाटे छान झालेत हो."

"मग घ्या की अजून."

"नको, नको."

आता नको-नको ह्याचा अर्थ काय, हे घरात वावरलेल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मावशीने बटाटे वाढले. मोठीआई पुन्हा नको म्हणाली, मावशीने पुन्हा वाढले. प्रमुखबाई म्हणाल्या, "अंडं अर्धं कसलं घेता, पुरतं घ्या, आम्हाला परकं समजू नका." मोठीआईने परकं समजलं नाही. पाहुण्याचा असा मान ठेवणाऱ्या जागेला नावं ठेवायची म्हणजे सुनेची जीभ किती कडू झाली असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

खाता खाता तिने चारी बाजूंना नजर फिरवली, कारण ती तपासायला आली होती आणि डोळे मिटून तपासणाऱ्यातली ती नव्हती. कोपऱ्यात तीन ताटं वाढून झाकून ठेवलेली दिसली.

"ती कुणाची?"

"एक माझं, एक मावशींचं, एक गाडीवाल्याचं," प्रमुखबाई म्हणाल्या. "मागून गार होतं ना, म्हणून आधीच काढून ठेवतो."

आपल्या माणसांची काळजी घेणारी जागा आहे, असं मोठीआईने मनाशी नोंदवलं. हात धुऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुरेसं म्हणता? जास्तच आहे! मला तर आता संध्याकाळी चूल पेटवायची नाही."

मग तिला चहासाठी आतल्या खोलीत नेलं. बाहेर पोरांना वाढायला सुरुवात झाली होती. चमच्यांचा आवाज येत होता, आणि तो आवाज पोटभर जेवणाऱ्या पोरांचाच आहे, अशी तिची खात्री होती.

संध्याकाळी ती दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सून आली, पायरीवर बसली, डबा उघडला. झिपरीने दोन्ही हात घातले.

"बघून आले मी," मोठीआई म्हणाली, समोरच्या शिंपिणीलाही ऐकू जाईल अशी. "माझ्या डोळ्यांनी बघितलं, माझ्या तोंडाने खाल्लं. एवढं अन्न आहे तिथे! तुझ्या पोरीला खा-खा सुटलीय, तिला औषध दे."

 सुनेने पोरीच्या तोंडाला लागलेलं पुसलं.

"आजी," झिपरी भरल्या तोंडाने म्हणाली, "आज चव बघायला तू आली होतीस?"

"मग! बघितलंस ना मला?"

"बटाटे छान होते?"

"एकदम छान. तुला नाही आवडले?"

"मला नव्हते."

"नव्हते म्हणजे?"

"संपले. मावशी म्हणाली, आज तुझी आजी आली होती ना, म्हणून संपले." झिपरीच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून खेळायला गेलो नाही, असं सांगावं तसं ती सांगत होती. "काल त्या चष्मेवाल्याची आई आली होती. काल अंडी संपली."

"मग तुला काय वाढलं?"

"भात. मावशी म्हणते, शेवटच्या बाकावरची मुलं मोठी असतात ना, ती समजूतदार असतात."

मोठीआईने शिंपिणीकडे बघितलं. शिंपिणीने घाईघाईने मशीन सुरू केलं. सून डब्याचं झाकण लावत होती, लावून झालेलं झाकण पुन्हा लावत होती. ती एक शब्द बोलली असती, एक टोमणा मारला असता, तर मोठीआईला काहीतरी उत्तर देता आलं असतं. 

त्या रात्री ती जेवली नाही. कुणाला कारण सांगितलं नाही, आणि कुणी विचारायच्या फंदातही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी नव्हती. साडीही रोजचीच होती. केंद्रात कुठल्याशा पोराचे वडील गादीच्या खुर्चीवर बसून "नको, नको" म्हणत होते. मोठीआई त्यांच्या शेजारून गेली, थेट शेवटच्या रांगेत पोहोचली आणि झिपरीच्या बाजूला त्या बुटक्या बाकावर बसली. गुडघे हनुवटीला लागले.

"अहो, तिथे काय!" प्रमुखबाई धावल्या. "पाहुण्यांनी पुढे बसायचं."

"आज मी पाहुणी नाही. वाढत वाढत या, मग माझ्यापर्यंत पोहोचाल."

मावशीने वाढायला घेतलं. पुढच्या रांगेत पळी बुडत होती. मधल्या रांगेत ती टेकत होती. शेवटच्या रांगेपर्यंत आली तेव्हा तिचा खरवडल्याचा आवाज येत होता. झिपरीच्या ताटात भात पडला, त्यावर डाळीचं पाणी, आणि गाजराचा एक तुकडा. मोठीआईचं ताट रिकामंच राहिलं. मावशी पातेलं वाकडं करून उभी होती, आणि पातेल्यात बघण्यासारखं काही नसूनही त्यातच बघत होती.

"आज नेमकं जरा कमी..." मावशी पुटपुटली.

"कमी कसं होईल? मोजून येतं ना?"

"येतं की," प्रमुखबाई म्हणाल्या. "मुलं जितकी तितकं. साहेबांचं माप कधी चुकत नाही."

"मग ती झाकलेली ताटं कुठल्या मुलांची? आणि खुर्चीवर ढेकर देतोय ते कितव्या इयत्तेतलं बाळ?"

खुर्चीवरचे वडील घास गिळायचे विसरले.

"अहो, पण चव बघायलाच हवी. नियम आहे," प्रमुखबाई म्हणाल्या. "आणि आम्ही माणसं दिवसभर इथे राबतो, दोन घास खाल्ले तर..."

"खा ना. कोण नाही म्हणतंय? पण शेवटच्या पोरानंतर खा. आणि चव चमचाभर घ्या. चव जिभेला कळते, त्यासाठी पोट भरावं लागत नाही. काल मी भरलं. आज मला माहीत आहे कुणाच्या ताटातलं होतं ते." तिने झिपरीच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून मी रोज येईन. दुकान बंद ठेवून येईन. आणि येताना माझं तोंड काही मी दुकानात ठेवून येत नाही."

प्रमुखबाई शिकलेल्या होत्या, पण त्याचा इथे काही उपयोग नव्हता. साहेबांच्या सासूबाईंना जिना दाखवायचा कसा? दुसऱ्या दिवसापासून मोठी माणसं शेवटी जेवू लागली. म्हणजे, जेवायची थांबली. कारण पोरांचं पोट भरल्यावर पातेल्यात उरत होतं ते पातेलंच.

आणि मग गंमत झाली. केंद्रातल्या पोरांच्या आया गेलं वर्षभर कुजबुजत होत्या, "पोरं भुकेली येतात," तर वरून उत्तर यायचं, मुलांची भूक वाढत्या वयाची असते, पाहणी करू. पण प्रमुखबाईंचं डोकं पहिल्याच दुपारी दुखलं. पाठोपाठ मावशीला घेरी आली. गाडीवाल्याने तर उपाशीपोटी गाडी चालवणं धोक्याचं आहे, असं सांगून चाव्याच टेबलावर ठेवल्या. कर्मचाऱ्यांची उपासमार होत असल्याची तक्रार ताबडतोब वर गेली आणि वरच्यांनीही ती ताबडतोब ऐकली. भूक लागणारी माणसं मोठी असली की भूक लवकर ऐकू येते.

शुक्रवारी सकाळी जावई दुकानात आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला आठ्या.

"आई, हे काय केलंत तुम्ही? घरातल्या माणसाने असं करायचं? माझं माप बरोबर होतं. डॉक्टरांकडून करून घेतलेलं माप आहे. एका मुलामागे किती भात, किती डाळ..."

"बरोबरच होतं, बापू. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही."

"मोठ्यांचं जेवण मापात धरलेलंच नाही. ते घरून डबा आणतात, असं गृहीत आहे."

"कुणी गृहीत धरलंय?"

जावयाने आठवायचा प्रयत्न केला. "ते... आधीपासूनच आहे."

"बापू, तुम्ही केंद्रात जाता तेव्हा जेवता?"

"मी? छे! म्हणजे आग्रह करतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

"दिसतं की," मोठीआई म्हणाली आणि त्याच्या शर्टाचं सुटत आलेलं बटण बघून दोरा ओवायला घेतला. "मीसुद्धा नाही म्हटलं होतं. तीनदा म्हटलं."

जावई तसा वाईट माणूस नव्हता. बटण लावून झालं तसा जाता जाता तो म्हणाला, "आज दुपारपासून मोठं पातेलं पाठवतो. कर्मचाऱ्यांसाठी म्हणून."

"कुणासाठी म्हणून पाठवायचं ते तुम्ही ठरवा. पोरांनंतर उघडा म्हणजे झालं."

दुपारी मोठं पातेलं आलं. संध्याकाळपर्यंत रस्ताभर बोलबाला झाला की मोठीआईच्या जावयाने स्वतःहून अन्न वाढवलं, काय मन आहे माणसाचं! मोठीआईने कुणालाही दुरुस्त केलं नाही. उलट बटणाच्या पुडीबरोबर तेही द्यायला लागली.

त्या संध्याकाळी सून आणि झिपरी आल्या. सून सवयीने पायरीवर टेकली, डबा काढला. झिपरीने डब्यात बघितलं, म्हणाली, "नंतर," आणि दोरीवरच्या उड्या मारायला शिंपिणीच्या पोरींकडे पळाली. सून उघडा डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. तिचे हात चादरींच्या वाफेने लालसर झालेले होते. डोळेही लाल होते.

मोठीआई गल्ल्यामागून उठली आणि तिच्याशेजारी, भर रस्त्यात, त्याच पायरीवर बसली. समोर मशीन थांबलं.

"आई," सून म्हणाली, "मावशी सांगत होती, तुम्ही तिथे..."

"मावशी खूप सांगते. मुकादमाला काय सांगितलंस?"

"उद्या शेवटचा दिवस म्हणून."

"उद्या जाऊन सांग, शेवटचा नाही. ऐकलं नाही तर त्याच्या आईला मी ऐकवते." मोठीआईने डब्यातला एक घास उचलला, बघितला, परत ठेवला. मग सुनेकडे न बघता, पण सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आणि एक ऐक. ह्या सगळ्यात चूक तुझी आहे. पोर उपाशी आहे हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. एकदा सांगितलंस, मी डाफरले, आणि तू गप्प बसलीस. अगं, मी डाफरणारच! दुसऱ्यांदा सांगायचं होतंस, मी पुन्हा डाफरले असते. तिसऱ्यांदा सांगायचं होतंस, चौथ्यांदा ओरडून सांगायचं होतंस. सासूला भिऊन पोटच्या पोरीला भुकेलं ठेवायचं? माझ्यासारखीला? एवढी मोठी मी नाही, बाई. कुणीच नसतं."